लेकीच्या गावी बाहेरचं खाणं

माझ्या लेकीचं गाव धरणात आहे असं सांगितलं की माणसं आधी हळहळतात. मग सांगावं लागतं, बुडालेलं नाही, उरलेलं आहे. धरण झालं तेव्हा भोवतीची रानं पाण्याखाली गेली आणि गाव टेकाडावर होतं म्हणून कोरडं राहिलं. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं, तेव्हा मातीच्या भरावावरून जीप जाते. पावसाळा सरताना धरण भरलं की भराव बुडतो आणि गावाचं बेट होतं. मग आमच्या धारूरहून तेलगाव, तेलगावहून टमटमनं पाण्याच्या काठापर्यंत आणि पुढं होडी. गाव तसं मोठं आहे. देवळं, मशीद, दवाखाना, शाळा, हॉटेलं. बसस्टँडही आहे, पक्कं बांधलेलं. धरण भरलं की तिथं बस येत नाही, तरी माणसं तिथंच जाऊन बसतात.

अलीकडे सुट्टीच्या दिवशी बीडकडची माणसं हौसेनं होडीत बसून येतात, काठावरच्या पालांत तळलेली मासळी खातात, फोटो काढतात आणि म्हणतात, पायी फिरून खाण्यासारखं गाव आहे. मीही ते गाव पायी फिरून खाल्लं आहे. पण हौसेनं नाही. लेकीच्या घरी मला खाता येत नव्हतं म्हणून.

आमच्यात लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं खायचं नसतं. पाणीसुद्धा प्यायचं नसतं. कारण कोणी सांगत नाही. माझ्या लग्नानंतर मी आईला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "कावून म्हंजे? न्हाई खायचं." आमच्या ह्यांनी रीत पाळायचा सोपा मार्ग काढला. ते लेकीकडं जातच नाहीत. मी जात होते, डबा घेऊन. दशम्या, शेंगाची चटणी आणि पाण्याची बाटली. लेकीच्या ओट्यावर बसायचं, तिनं केलेल्या स्वयंपाकाचा वास घ्यायचा आणि आपला डबा उघडायचा.

पहिल्या वर्षी गल्लीनं माझं कौतुक केलं. रीतीची बाई आहे म्हणाले. पुढं वर्षं गेली, लेकीची कूस उजवली नाही, आणि तोच डबा तसाच उघडला तरी गल्लीचं बघणं बदललं. मी झाकण काढलं की समोरच्या दारातून कोणीतरी विचारायचं, "अजून न्हाई का?" मला वाटायचं मी जेवते आहे. खरं तर मी दवंडी देत होते. लेक आत बसून ऐकायची आणि मी गावी परतेपर्यंत बाहेर यायची नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तिचा फोन आला. "आई, ये. पण डबा आणू नको."

"मग उपाशी बसू का?"

"गावात खा. हाटेलं हायत, गाडे हायत. गाव काय माझं घर हाय का?"

मी चौथी शिकलेली. या बोलण्यात चूक कुठं आहे ते मला सापडेना. ह्यांना विचारलं, तर पेपर वाचता वाचता म्हणाले, "घरचं न्हाई खायचं एवढंच हाय. गावाचं रीतीत काही न्हाई." मग पेपर खाली घेऊन म्हणाले, "पण तू हाटेलात बसणार?"

हे बरोबर बोलले. मी कधी हॉटेलात बसून खाल्लं नव्हतं. लग्नकार्यातसुद्धा मी शेवटच्या पंगतीला बसते, म्हणजे बघणारे पांगलेले असतात. त्यामुळं डबा आणू नको म्हणाली तरी दशम्यांचा डबा मी पिशवीत साडीच्या घडीखाली ठेवला.

सोमवारी सकाळी होडीतून उतरले तर घेऊन जायला लेक नव्हती, तिची सासू आली होती. आमच्या ईनबाई. काठी टेकत, कपाळाला भस्म, तोंड कडक. लेक घरी मसाले करते हे मला माहीत होतं, आणि त्या दिवशी काहीतरी मोठं काम होतं म्हणे.

"सूनबाईनं सांगितलंय," ईनबाई म्हणाल्या. "तुमाला गाव दाखवायचं न् खाऊ घालायचं. माझा सोमवार हाय. तुमी खा, मी बघते."

कोणी बघत असलं की मला घास उतरत नाही. आणि इथं बघायलाच माणूस नेमलेला.

काठावर पालांची रांग होती. मोठाल्या कढयांत मासे तळत होते. आम्ही दोघींनी पदर नाकाला लावला. "समदा गाव याच्यावर मोठा झाला," पदराआडून ईनबाई म्हणाल्या. "पाण्याच्या मधी राहून मासळी न खाणारे आमी दोन-चार घरं. आता मासेबी आमाला वळखतेत. मी काठाला गेले की पळत न्हाईत." म्हणजे ज्या खाण्यासाठी गाव ओळखलं जातं, ते सोडून बाकीचं मी खाणार होते.

पहिला मुक्काम बसस्टँड. तिथं सुशीलाचा गाडा होता. सुशीला म्हणजे मुरमुरे भिजवून पिळायचे, फोडणीत कांदा-मिरची टाकून परतायचे, वर डाळ्याचं कूट. आमच्याकडं घरोघरी होतं, पण उभ्यानं, रस्त्यावर, कागदाच्या प्लेटीत मी कधी खाल्लं नव्हतं. मी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर कुठल्या तरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक होता. त्याच्या डोळ्याला डोळा देऊन मी सुशीला खाल्ली.

"आज्जी, पाहुणीला सुशीला आवडली न्हाई का?" गाडेवाल्यानं विचारलं. "भिंतीकडं बघायली."

"तिला साहेब आवडला," ईनबाई म्हणाल्या. "तू लाल चटणी वाढ अजून."

चटणी चांगली होती. लसूण पुढं आणि तिखट मागून येणारं. मी प्लेट पुसून खाल्ली.

तिथून देवळाच्या मागं गेलो. खव्याची भट्टी होती. पाणी हटलं की गाळावर गवत उगवतं, म्हणून गावात म्हशी भरपूर आणि दूध भरपूर. भट्टीवाल्यानं गरम पेढा हातावर ठेवला. ईनबाईंनीही हात पुढं केला. दूध उपासाला चालतं. पुढच्या दुकानात शेंगदाण्याची चिक्की होती, तीही चालत होती. साबुदाण्याचा चिवडा तर उपासासाठीच केलेला असतो. उपास त्यांचा होता, रीत माझी होती, आणि पोटं दोघींची भरत चालली होती. दुपार होईपर्यंत मला गावातल्या बोळांची आणि ईनबाईंना माझी थोडी ओळख झाली होती. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एवढ्या कधी बोललो नव्हतो. त्यांच्या घरी मी आले की डबा उघडण्यात आणि झाकण्यातच वेळ जायचा.

दुपारी त्या मला खानावळीत घेऊन गेल्या. आत सगळी पुरुषमाणसं. मी दारातच थबकले. ईनबाईंनी काठीनं कोपऱ्यातलं बाकडं दाखवलं आणि दोन माणसांना म्हणाल्या, "उठा बे, तिकडं बसा. माझी ईन हाय." माणसं उठली. मला भुईत शिरावंसं वाटलं. पण भूक नसताना जेवायला बसल्यावर भुईत शिरूनही भागत नाही.

ज्वारीची भाकरी, वांगं आणि येसराची आमटी आली. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. पाण्यात कालवून उकळलं की पातळ, तिखट आमटी होते. आमच्या बीडकडं याच्याशिवाय मोठं जेवण होत नाही. मी भाकरी कुस्करली, आमटी ओतली आणि पहिला घास घेतला.

जिरं करपलेलं होतं.

पूर्ण करपलेलं नाही. करपायच्या एक क्षण आधी तव्यावरून काढलेलं. मी येसर करते तेव्हा जिरं असंच भाजते. माझ्या सासूबाई हयात असेपर्यंत म्हणायच्या, हिला जिरं भाजता येत नाही. मी बदललं नाही, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या लेकीनंही बदललं नाही. असं जिरं भाजणारं तिसरं माणूस मला माहीत नाही.

मी ईनबाईंकडं बघितलं. त्या खानावळीच्या छताकडं बघत होत्या.

"आमटी लागली का काकू?" मालकानं विचारलं. "येसर आमच्या घरचं न्हाई बरं का. ह्या आज्जीची सून करून देती. समद्या हाटेलांना तिचंच जातं."

घास तोंडात होता. गिळावा तर लेकीच्या घरचं अन्न पोटात जाणार. टाकावा तर अन्न टाकल्याचं पाप. आमच्यात पानात उष्टं टाकायचं नाही हीसुद्धा रीतच आहे, आणि ती लेकरू होण्यावर अवलंबून नाही. दोन रीतींचं भांडण लागलं आणि मी मधे बसले होते, चार पुरुषांच्या देखत. मी गिळलं.

"सुशीलावरची चटणी?" मी हळूच विचारलं.

"तिचीच."

"साबुदाण्याचा चिवडा?"

"तिचाच. पेढा तेवढा न्हाई." ईनबाईंनी छतावरची नजर खाली आणली. "म्हैस न्हाई आमच्याकडं."

म्हणजे सकाळपासून मी लेकीच्याच घरचं खात होते. फक्त घर सोडून.

"ईनबाई, तुमाला समदं ठाऊक होतं."

"मला तिनं सांगितलं तेवढं मी केलं. पण आता माझं ऐका." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमी डबा उघडता, तवा माझ्या दारात गल्ली उभी राहती. मी म्हातारी, मला काय. ती आत बसून ऐकती. आज समोरच्या घरी डोहाळजेवण हाय. समद्या गल्लीची आमटी हिच्याकडून न्यायलेत. आमटी चालती. ओटी भराया हिला बोलावणं न्हाई. कावून, ते तुमाला सांगावं लागंल का?"

नाही लागलं. जिची कूस भरली नाही तिनं पोटुशीची ओटी भरू नये, ही आणखी एक रीत. आणि तिची कूस भरली नाही हे गल्लीला कुठून कळतं? तिच्या आईच्या डब्यातून. मी पान स्वच्छ केलं. मालकानं आमटी पुन्हा वाढली. मी तीही संपवली. नको म्हणायचं मला त्या दिवशी सुचलंच नाही.

घरी आलो तेव्हा लेक परातीत येसर कालवत होती. मला बघून तिनं हात धुतले आणि बाहेर आली. तिला वाटलं असेल मी रागावले आहे. मी ओट्यावर बसले, जिथं नेहमी बसते तिथंच. समोरच्या घरी झोपाळ्याला झेंडूच्या माळा बांधत होते. दारात चार-पाच बायका होत्या.

"पाणी दे," मी म्हणाले.

"शेजारून आणू?"

"माठातलं दे."

ती उभीच राहिली. मग आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यायले. समोर माळ बांधणारा हात थांबलेला मला दिसला. मी म्हणाले, "आता काहीतरी खायला दे."

वास्तविक माझ्या पोटात तसूभर जागा नव्हती. रीत मोडायची तर पोट रिकामं ठेवून यावं हे आधी कोणी सांगायला हवं होतं. लेकीनं ताटलीत एवढं मोठं धपाटं आणलं, वर लोण्याचा गोळा. तिला वाटलं असेल, आई इतक्या वर्षांची उपाशी. मी एकेक तुकडा तोडून खात राहिले. तोंड भिंतीकडं वळवायची फार इच्छा होत होती, पण त्या दिवशी मी गल्लीकडं तोंड करून बसले. लेक उंबऱ्यावर टेकली. माझ्या ताटलीकडं बघत होती, आणि धपाटं संपत आलं तशी म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

"जिरंबी करपलंय," मी म्हणाले. ती तोंडावर पदर घेऊन हसली. मला वाटतं हसली.

बेटावर बातमीला बाहेर जायला वाट नसते, म्हणून ती गोल फिरते. माझं धपाटं संपेपर्यंत ती गावाला चक्कर मारून पुन्हा आमच्या दारात आली. समोरच्या घरची मालकीण कुंकवाचा करंडा घेऊन, लगबगीनं. ईनबाईंना म्हणाली, "मावशी, बोलला न्हाईत. तोंड तरी गोड करायचं की."

"कशाबद्दल?" ईनबाईंनी विचारलं.

"घ्या. आईनं लेकीच्या घरचं पाणी पेलंय, धपाटं खाल्लंय, समद्या गल्लीनं बघितलंय. आमाला काय कळत न्हाई का?" आणि लेकीकडं वळून, "कितवा ग?"

आम्हा तिघींना कळायला थोडा वेळ लागला. गल्लीनं हिशेब उलट्या बाजूनं मांडला होता. लेकरू झाल्याशिवाय, निदान चाहूल लागल्याशिवाय, आई खात नाही, आणि आईनं खाल्लं, म्हणजे काय ते उघड आहे. आई नुसतीच खाईल, हे कोणाच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं. माझ्यासुद्धा आलं नव्हतं कालपर्यंत.

लेक उठली. तिनं सरळ सांगितलं, "काकू, तसं काही न्हाई. आईला भूक लागलती."

बाई हसल्या. "असंच म्हणतेत आधी. तीन महिने होईपर्यंत सांगू बी नये. तू सांगू नको, मी इचारत न्हाई." आणि लेकीच्या कपाळाला कुंकू लावलं. "संध्याकाळी ओटी भराया ये. आईला घेऊन ये, सासूला घेऊन ये."

"पण काकू, खरंच न्हाई."

"न्हाईच ग माय, न्हाईच," म्हणत त्या गेल्या.

खरं सांगायची सोयच राहिली नव्हती. पहिले तीन महिने नाही म्हणायचं असतं, म्हणून नाही म्हणणं हीच पक्की खूण ठरली. लेक माझ्याकडं बघत राहिली. मी ईनबाईंकडं. ईनबाई म्हणाल्या, "मी तर तोंडच उघडलं न्हाई." ते खरं होतं.

"जाऊ का?" लेकीनं विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही.

"बोलावणं आलंय," ईनबाई म्हणाल्या. "तू खोटं बोललीस का? न्हाई. मी बोलले का? न्हाई. तुझ्या आईनं खाल्लं, ते तर समद्यांनी बघितलं." मग जरा थांबून, "उद्या कळलं तर आपल्यालाच बोलतील. बोलू देत. न बोलता बी बोलतच होते."

संध्याकाळी लेक हिरवी साडी नेसली. झोपाळ्यावर बसलेल्या पोरीच्या ओटीत तिनं तांदूळ, खोबरं, खारीक घातली. एक खारीक तिच्या हातून निसटून खाली पडली. बायका म्हणाल्या, अशा दिवसांत होतं असं. मी मागं, दाराच्या आडोशाला होते. पंगतीत तिची आमटी वाढली. कोणीतरी म्हणालं, आज आमटी लई बेस झाली. आमटी रोजचीच होती.

मला माहीत आहे, पुढं काय व्हायचं ते होईल. दोन-तीन महिन्यांनी गल्ली पुन्हा हिशेब मांडील, आणि या वेळचं उत्तर आधीच्यापेक्षा वाईट असेल. लेकीलाही माहीत होतं. अंथरुणं घालताना मी तसं म्हणाले, तर ती म्हणाली, "तवा मी परत खरंच सांगीन. आज बी खरंच सांगितलं होतं." आणि थोड्या वेळानं, "तू मात्र खात जा. गल्लीला खाण्याची सवय होऊ दे."

सकाळी तिनं माझी पिशवी भरायला घेतली आणि साडीखालचा डबा तिच्या हाताला लागला. तिनं झाकण उघडलं. दशम्या वाळून कडक झालेल्या. दशम्या समोरच्या म्हशीला घालून आली, डबा घासून पुसला आणि त्यात येसर भरून दिलं. होडीवाल्यानं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "आज्जी होणार म्हणे," म्हणाला. मी पाण्याकडं बघत बसले. लाजरं असण्याचा एवढा उपयोग मला आधी कधी झाला नव्हता.

घरी पोचले तर हे दारातच. बातमी फोननं माझ्याआधी आली होती.

"तसं काही न्हाई," मी म्हणाले. "मला भूक लागलती."

"असंच म्हणतेत आधी," हे म्हणाले आणि खुंटीवरची टोपी काढली. इतक्या वर्षांत ह्यांना एवढं हसताना मी बघितलं नव्हतं. मला वाटायचं ह्यांना तिकडं जायचंच नाही. जायची ओढ ह्यांनी पोटातच ठेवली होती, आणि ती मला कधी दिसली नव्हती.

मी पुन्हा सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, सुशीलापासून. ह्यांनी टोपी हातात धरून ऐकलं. समजलं आहे हे चेहऱ्यावरून दिसत होतं. हसू गेलं होतं. मी डबा उघडून पुढं केला. ह्यांनी चिमूटभर येसर जिभेवर ठेवलं.

"जिरं करपवती," म्हणाले.

"हो."

ह्यांनी टोपी खुंटीला परत लावली नाही. डोक्यावर घातली आणि विचारलं, "तेलगावची गाडी आता कधी हाय?"